ता. क. – वाचून झाल्यावर फाडून टाकणे



छत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. विज्ञानाशी माझं नातं अकरावी मॅट्रिकला तुटलं ते तुटलंच. त्यामुळे आज मी पेशी आणि प्रथिनांवर लिहायला बसलोय हे पाहून काही जुने विद्यार्थी हसतील. हसू देत. निवृत्तीनंतर वाचन वाढलं तेव्हा उमगलं, की रोगांचा आणि औषधांचा इतिहास हाही इतिहासच आहे. त्यातही मोहिमा आहेत, फसलेले डाव आहेत, आणि बखरीत ज्यांची नावं येत नाहीत अशी असंख्य माणसं आहेत.

या वाचनाला कारण घरातलंच. आमच्या सौ.ना आमवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, कुकरचं झाकण लावता येत नाही. पुण्यात जीवशास्त्र शिकणारी आमची नात सुट्टीत आली होती. तिला मी विचारलं, "जखम नाही, जंतू नाही, मग ही सूज येते कशाने?" ती म्हणाली, "आजोबा, सूज येते कशाने यापेक्षा ती उतरत का नाही, हा मोठा प्रश्न आहे." या एका वाक्याने मला वर्षभर कामाला लावलं. जे समजलं ते मास्तरकीच्या भाषेत तुमच्यापुढे ठेवतो.

सूज हा मुळात रोग नव्हे. पायात बाभळीचा काटा मोडला की जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी हीच चार लक्षणं लिहून ठेवली आहेत. ही शरीराची फौज आहे. शत्रू आला की ती धावून येते, म्हणूनच आपण जगतो. पण आमच्या इतिहासात पेंढाऱ्यांचं प्रकरण आहे ना, तसं इथेही होतं. मोहिमेसाठी गोळा केलेली माणसं मोहीम संपल्यावर वेळेवर घरी पाठवली नाहीत, तर ती आपल्याच लोकांची गावं लुटतात. फौज उभी कशी करायची हे शरीराला येतंच. ती मोडायची कशी, हे आपल्याला कसं कळलं, त्याची ही गोष्ट. आणि ही गोष्ट महारोग्यांच्या वस्तीतून जाते.

*

महारोग हा शब्द आता वापरत नाहीत, कुष्ठरोग म्हणतात. ते बरोबरच आहे. पण माझ्या पिढीच्या कानात तो जुना शब्द आणि त्यातली भीती दोन्ही बसलेली आहेत. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) बाजारच्या दिवशी वेशीजवळ फडकी गुंडाळलेल्या हातांची माणसं बसलेली आम्ही लहानपणी पाहिली आहेत. नाणं वरून टाकायचं, हात लागू द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद असे.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही औषधं एकत्र द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ साली ही पद्धत सुचवली. तेव्हा शाळाशाळांतून मुलांची तपासणी होई. न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा चट्टा कसा ओळखायचा हे आम्हा शिक्षकांनाही शिकवलं होतं.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांना हा रोग असल्याचं निघालं. माणूस शहाणा, औषध मुकाट्याने सुरू केलं. चार-पाच महिने बरे गेले आणि एके दिवशी अंगावर लालभडक, दुखऱ्या गाठी उठल्या. ताप, सांधे धरलेले, कोपरापासून करंगळीपर्यंत कळा. गल्ली म्हणाली, औषध उलटलं. काकांनी गोळ्या सोडल्या. दीड वर्षाने परत सुरू केल्या तोपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं वाकली होती. शिंप्याचा उजवा हात! मशीन विकून त्यांनी पानाची टपरी टाकली.

काकांच्या अंगात काय चाललं होतं? या अवस्थेला डॉक्टर 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. काकांना झाली ती त्यातल्या दुसऱ्या प्रकारची. औषधाने जंतू मेलेले असतात किंवा मरत असतात. पण त्यांचे अवशेष ऊतींत पडून राहतात, आणि ते पाहून शरीराची फौज खवळते. मेलेल्या शत्रूवर तोफा डागत राहते, आणि त्या माऱ्यात आपलेच मज्जातंतू मरतात. बोटं पुष्कळदा जंतूने वाकत नाहीत, या आगीने वाकतात. हे त्या वेळी कुणी आम्हाला नीट समजावून सांगितलं असतं तर काकांनी गोळ्या सोडल्या नसत्या, असं मला अजूनही वाटतं.

*

महाराष्ट्राने या रोगाशी फार मोठी झुंज दिली आहे. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० सालचं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने करत. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. ही नावं आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. सेवेचा हा इतिहास आपण सांगतो. संशोधनाचा मात्र फारसा सांगत नाही.

मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. कर्करोग आणि कुष्ठरोग हे त्यांचे दोन ध्यास. कुष्ठाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांत मज्जातंतूंची काय अवस्था असते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिलं. त्यांच्या हाताखाली, भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, पुण्याच्या कमल रणदिवे काम करत. १९१७ चा जन्म, माहेरच्या समर्थ. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९५८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. तो खरा कुष्ठाचा जंतू नव्हे, त्याचा भाऊबंद होता, असं पुढे ठरलं. खरा कुष्ठजंतू आजतागायत काचेच्या भांड्यात वाढवता आलेला नाही. पण त्या भाऊबंदापासून पुढे कुष्ठावरची एक लस तयार झाली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आम्हा नगरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढची आहे. या बाई उतारवयात आमच्या अकोले तालुक्यात आल्या. राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे धडे दिले. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिलेल्या बाई हरिश्चंद्रगडाच्या मुलखात मुलांचं पोषण तपासत होत्या! २००१ साली त्या गेल्या. राजूरच्या बाजूला आमचे पुष्कळ शिक्षकमित्र होते, पण त्यांच्यातही हे नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याची ही विद्या जगभर रुजली नसती, तर पुढची गोष्ट घडलीच नसती. आता आपल्याला जेरुसलेमला जायचं आहे.

*

१९६४ साल. जेकब शेस्किन नावाचे डॉक्टर तिथल्या कुष्ठरुग्णालयात काम करत. एका रुग्णाला शिंपीकाकांसारखीच रिअ‍ॅक्शन आली होती. कळांनी त्याला झोप नव्हती. शेस्किननी त्याला झोपेचं एक जुनं औषध दिलं. रुग्ण झोपला, आणि चमत्कार म्हणजे थोड्याच दिवसांत त्याच्या गाठी उतरल्या, ताप गेला. आणखी रुग्णांना दिलं, तोच अनुभव.

ते औषध होतं थॅलिडोमाइड. हे नाव ऐकून काही वाचकांच्या अंगावर काटा आला असेल. १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलेलं हे औषध. निर्धोक म्हणून गरोदर बायकांनाही दिलं गेलं. त्यातून जगभर दहा हजारांहून अधिक मुलं हात-पाय खुरटलेली किंवा नसलेली जन्माला आली. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीतल्या बाजारातून काढून घेतलं. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या बाईंनी, कंपनीने कितीही तगादा लावला तरी, परवानगीची सही केली नाही, म्हणून तिथली मुलं बहुतांशी वाचली. एका कारकुनी वाटणाऱ्या सहीत किती बळ असतं पहा.

असं हे बदनाम औषध कुष्ठाच्या आगीवर पाणी ओततं, पण कसं, हे पुढची पंचवीस वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. कारण ती आग नेमकी कशाची, हेच ठाऊक नव्हतं.

आगीचा पत्ता वेगळ्याच वाटेने लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली कर्करोग्यांना मुद्दाम जंतूंची इंजेक्शनं देत, कारण मोठा ताप येऊन गेला की कधीकधी गाठ विरघळते असं दिसलं होतं. १९७५ मध्ये न्यूयॉर्कलाच लॉइड ओल्ड, एलिझाबेथ कार्सवेल आणि सहकाऱ्यांना यामागचा पदार्थ उंदरांच्या रक्तात सापडला. त्या उंदरांना आधी बीसीजी दिली होती, आपल्या दंडावर व्रण असतो तीच. गाठ मारणारा म्हणून त्याचं नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ. त्याच शहरात अँथनी सेरामी वेगळाच प्रश्न सोडवत होते. दीर्घ आजारात जनावर खाऊनपिऊनही झिजत का जातं? त्यांनाही रक्तात एक पदार्थ सापडला. १९८५ मध्ये ब्रूस बॉयटलर आणि सेरामींनी दाखवलं, की दोन्ही एकच. गाठ मारणारा आणि माणूस झिजवणारा एकच! थोडा असेल तर रक्षण, जास्त झाला तर राख.

*

आता मास्तर फळ्यापाशी जातात. कंटाळू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

शाळेत नोकरी केलेल्यांना जनरल रजिस्टर ठाऊक आहे. मुलाचं नाव, जन्मतारीख, सगळं त्यात. ते कपाटाबाहेर जात नाही. कुणाला दाखला लागला तर क्लार्क त्यातून उतरवून देतो. पेशीतही हेच आहे. डीएनए हे रजिस्टर, ते केंद्रकाच्या कपाटात. एखादं प्रथिन बनवायचं असेल तर त्या पानाची नक्कल उतरवली जाते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए, १९६१ साली तिचा शोध लागला. मी तिला चिठ्ठी म्हणतो. चिठ्ठी कपाटाबाहेर जाते, रायबोसोम नावाची यंत्रं ती वाचतात आणि प्रथिन तयार करतात. एका चिठ्ठीवरून कितीतरी वेळा.

पुष्कळ वर्षं सगळ्यांचं लक्ष क्लार्ककडे होतं. नक्कल कधी उतरवली जाते, कुणाच्या हुकमाने? तिथेच सगळं नियंत्रण आहे, असा समज. पण एक साधा प्रश्न राहून जात होता. उतरवलेल्या चिठ्ठीचं पुढे काय होतं? ती किती वेळ टिकते? कारण ती जोवर आहे तोवर माल निघतच राहणार.

१९८६ साली दोन ठिकाणांहून उत्तर आलं. चिठ्ठीत मजकूर संपल्यावर खाली एक पट्टा असतो, ज्यावरून प्रथिन बनत नाही. मजकूर संपला, सही झाली, आणि त्याखाली ताजा कलम, असं समजा. आमच्या काळी पत्रातली खरी गोष्ट पुष्कळदा ता. क. मध्येच असे. सेरामी-बॉयटलरांच्या चमूला दिसलं, की टीएनएफच्या आणि दाह वाढवणाऱ्या इतर काही प्रथिनांच्या चिठ्ठ्यांत हा ता. क. सारखाच आहे. आरएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि यू हीच दोन अक्षरं पुन्हा पुन्हा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्रे शॉ आणि रॉबर्ट कामेन यांनी छान प्रयोग केला. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या एका प्रथिनाच्या चिठ्ठीतला ५१ अक्षरांचा असा ता. क. त्यांनी उचलला आणि सशाच्या हिमोग्लोबिनच्या चिठ्ठीला जोडला. हिमोग्लोबिनची चिठ्ठी एरवी फार टिकाऊ. पण ही शेपटी लावताच ती भराभर नष्ट होऊ लागली.

म्हणजे त्या ता. क. मध्ये लिहिलेलं होतं – वाचून झाल्यावर फाडून टाकणे.

मला हे वाचून किती वेळ पुढे जाता आलं नाही. हुकूम लिहितानाच तो रद्द करण्याची सोय त्यातच लिहून ठेवायची! आमच्या राज्यकर्त्यांना हे सुचलं असतं तर पेंढारी झाले नसते.

*

आता धागे जुळतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गिला कॅप्लान ब्राझीलच्या डॉक्टरांबरोबर कुष्ठरोगावर काम करत होत्या. रिअ‍ॅक्शन आलेल्या रुग्णांच्या रक्तात टीएनएफ चढलेला त्यांना दिसला. १९९१ मध्ये त्यांनी दाखवलं, की थॅलिडोमाइड माणसाच्या पांढऱ्या पेशींतलं टीएनएफचं उत्पादन कमी करतं. आणि १९९३ मध्ये त्याच गटातून पुढचा निष्कर्ष आला. हे औषध टीएनएफची चिठ्ठी लवकर नष्ट करवतं. काचेच्या भांड्यातल्या पेशींत या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या संपायला सुमारे ३० मिनिटं लागत, औषध घातल्यावर १७.

तीस मिनिटं आणि सतरा मिनिटं. फरक तेरा मिनिटांचा! शाळेच्या अर्ध्या तासिकेहून कमी. पण लाखो पेशींत, रात्रंदिवस, चिठ्ठी तेरा मिनिटं आधी फाटली तर माणसाच्या हाताची बोटं वाचू शकतात.

थॅलिडोमाइडची सगळी कहाणी एवढ्यात संपत नाही. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी ते पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं हे शोधून काढलं, आणि गर्भाला होणाऱ्या इजेचा उलगडा तिथून सुरू झाला. म्हणजे औषध एक आणि वाटा अनेक. १९९८ साली अमेरिकेत ते कुष्ठाच्या रिअ‍ॅक्शनसाठी कडक अटींवर मंजूर झालं. पण ब्राझीलमध्ये कुष्ठरुग्णांसाठी आलेल्या याच गोळ्यांमुळे १९६५ नंतरही खुरटलेल्या हातापायांची मुलं जन्मली. एकाची बोटं वाचवणारी गोळी दुसऱ्याचे हात जन्माआधीच हिरावते. औषधाला जात नसते, वापराला असते.

*

मग चिठ्ठी फाडतो कोण? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या पेरी ब्लॅकशियर यांनी ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाच्या प्रथिनाचं जनुक नसलेले उंदीर तयार केले. जन्मतः पिल्लं ठणठणीत. पण लवकरच ती वाळू लागली, सांधे सुजले, शरीर स्वतःवरच उलटलं. टीएनएफला अडवणारी प्रतिपिंडं दिली तर यातलं बहुतेक टळलं. ही १९९६ ची गोष्ट. दोन वर्षांनी कळलं, की हे प्रथिन टीएनएफच्या चिठ्ठीचा ता. क. ओळखून त्याला चिकटतं आणि चिठ्ठी नष्ट करवतं. १९९९ मध्ये अथेन्सच्या दिमित्रिस कोंतोयानिस आणि जॉर्ज कोल्लियास यांनी उलट बाजूने तपासलं. उंदराच्या जनुकातून फक्त ता. क. चा तुकडा कापला, बाकी मजकूर जसाच्या तसा. त्या उंदरांना सांध्यांचा दाह झाला आणि आतड्याचाही. जंतू नाही, जखम नाही. फक्त चिठ्ठीवरची 'फाडून टाकणे' ही सूचना गेली.

आमच्या सौ.च्या आमवाताचं कारण इतकं सोपं नाही, हे नातीने मला बजावून सांगितलं आहे. माणसाच्या आमवातात अनुवंश, धूम्रपान, प्रतिपिंडं अशा अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात. पण दार कुठे आहे ते त्या उंदरांनी दाखवलं.

संकटाच्या वेळी मात्र चिठ्ठी फाटून चालत नाही. म्हणून पेशीत धोक्याची घंटा वाजली की पी-३८ नावाचा निरोप्या धावतो, आणि त्याच्या साखळीमुळे फाडणाऱ्याचे हात काही वेळ बांधले जातात. एचयूआर नावाचं प्रथिन उलट चिठ्ठी सांभाळतं. घंटा थांबली की बांधलेले हात सुटतात आणि सफाई सुरू होते. याशिवाय मायक्रो-आरएनए नावाच्या चिमुकल्या तुकड्यांचा पहारा असतो. त्यांच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं.

आणि आणखी एक तऱ्हा आहे. चिठ्ठी फाडायची नाही, पण वाचायचीही नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या पॉल फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत बरसनजित मजुमदार, प्रभा संपत, वासुदेवन शेषाद्री अशा भारतीय संशोधकांनी ती उलगडली. दाहाचा इशारा मिळालेल्या पांढऱ्या पेशी सेरुलोप्लाझ्मिन नावाचं प्रथिन बनवू लागतात. साधारण सोळा तास काम चालतं, मग थांबतं. गंमत म्हणजे चिठ्ठ्या तिथेच असतात! २००३ मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्या यंत्रावर चिठ्ठी वाचली जाते त्या रायबोसोमचाच एक भाग सुटून बाहेर येतो आणि त्या चिठ्ठीचं वाचन बंद पाडतो. यंत्राचाच एक बोल्ट निघून 'आता पुरे' म्हणतो. शेषाद्री पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आले. पुणे विद्यापीठाच्या आवारातली ही संस्था १९८६ मध्ये पेशी आणि ऊती वाढवून पुरवण्यासाठी सुरू झाली होती. कमलताईंच्या काचेच्या भांड्याची परंपरा अशी पुण्यापर्यंत परत येते.

*

हे सगळं पुस्तकात राहिलं असं नाही. कोरोनाच्या साथीत आपल्या जिल्ह्यातही घराघरांत हे घडलं. पुष्कळांना विषाणूइतकंच शरीराच्या अनावर फौजेने नेलं. १६ जून २०२० रोजी इंग्लंडमधून बातमी आली, की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. स्टिरॉइडं मुख्यतः नक्कल उतरवणाऱ्या क्लार्कला आवरतात. पण त्यांचा एक मार्ग असाही आहे, की ती पी-३८ ला शांत करतात, म्हणजे चिठ्ठी फाडणाऱ्याचे हात सुटतात. शिंपीकाकांना वेळेवर मिळायला हवं होतं तेही याच कुळातलं औषध, प्रेडनिसोलोन. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मनाने स्टिरॉइड घेणं म्हणजे घर पेटलं म्हणून धरण फोडणं.

टीएनएफला थेट पकडणारी इंजेक्शनं १९९८-९९ पासून आतड्याच्या दाहावर आणि आमवातावर वापरात आली. पुष्कळांची बोटं त्यांनी सरळ ठेवली. पण २००१ मध्ये दिसून आलं, की त्यांमुळे दबलेला क्षयरोग उफाळू शकतो. कारण क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवायलाही टीएनएफच लागतो. आपल्याकडे क्षय घरोघरी, म्हणून डॉक्टर आधी क्षयाची तपासणी करून घेतात. सौ.चीही केली. फौज सगळीच मोडून चालत नाही.

एम-आरएनए लसीबद्दल आमच्या नातेवाइकांत फार भीती होती, की ते औषध अंगात कायमचं राहतं. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या अशा लसीला जून २०२२ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तेव्हाही फोन आले. आता मी त्यांना सांगतो, लसीतही चिठ्ठीच आहे. ती कपाटातल्या रजिस्टरला हात लावत नाही, आणि काम झालं की पेशी तिलाही नष्ट करते.

*

इतकं वाचून मनात राहतं ते हे. हुकूम देणं अवघड नसतं. तो किती वेळ चालू ठेवायचा हे ठरवणं अवघड. शरीराला हे कळायला कोट्यवधी वर्षं लागली आणि आपल्याला शरीराचं हे शहाणपण कळायला कुष्ठरुग्णांचं रक्त लागलं. जेरुसलेमचा तो झोप न लागलेला माणूस, रिओच्या दवाखान्यात रक्त देणारे रुग्ण, मुंबईच्या रुग्णालयात चट्ट्याचा तुकडा काढू देणारे अनामिक, यांची नावं कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाहीत. ज्यांना आपण वरून नाणं टाकत होतो, त्यांनीच आपल्याला ही विद्या दिली. सौ.ची मूठ आज थोडी वळते त्यात त्यांचा वाटा आहे.

असो. लेख लांबला. चुकलंमाकलं असेल तर जाणकारांनी जरूर कळवावं.

ता. क. – भारतात २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी झालं, त्यामुळे तो संपला असं पुष्कळांना वाटतं. तो संपलेला नाही. देशात अजूनही वर्षाला लाखभर नवे रुग्ण सापडतात. अंगावर बधिर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तपासणी आणि औषध मोफत आहे. आणि उपचार चालू असताना गाठी उठल्या, ताप आला, हातापायात कळा सुरू झाल्या, तर गोळ्या सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हा ता. क. मात्र फाडून टाकू नका.